फ्रेमला गट नंबर द्या

माझ्या मामांना एका स्क्रीनशॉटने चोर ठरवलं.

मेहकर-लोणार रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात नात्यातलंच लग्न होतं. आमच्याकडे लग्नात दाराशी एक टेबल असतं. त्यावर वही, पेन आणि कापडी पिशवी. वहीवाला नाव विचारतो, लिफाफा फोडतो, आकडा लिहितो. पण पंगती उठायला लागल्या की गर्दी होते. मग नुसतं नाव लिहून लिफाफा तसाच पिशवीत टाकतात आणि हिशेब रात्री होतो. त्या रात्री एक नाव वहीत होतं, पण त्याचा लिफाफा पिशवीत नव्हता. देणारा म्हणत होता, एकवीसशे टाकले होते. दुपारभर टेबलाच्या आसपास माझे मामा उभे होते.

नवरदेवाच्या एका मित्राने दारातून आत येताना फोनवर व्हिडिओ काढला होता. तो ग्रुपवर आला. अर्ध्या तासाने त्यातला एक स्क्रीनशॉट आला. मामांचा हात शर्टाच्या खिशाशी, बोटांत अर्धा लिफाफा. भोवती कुणीतरी लाल गोल काढलेला. खाली लिहिलेलं, ‘पाहा आपले पाव्हणे.’

मामांचं म्हणणं एका ओळीचं होतं. ‘अबे, तो माहाच लिफाफा होता. खिशातून काढत होतो मी, टाकत नव्हतो.’

आता तुम्हीच सांगा, अर्धा लिफाफा खिशात आणि अर्धा बाहेर असलेल्या चित्रावरून तो आत चाललाय की बाहेर येतोय हे कसं ठरवणार? त्या चित्रात ते नसतंच. ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रात असतं. म्हणजे प्रश्न एवढाच होता की या फ्रेमच्या एक घर मागे जायचं आणि बघायचं. लिफाफा मागच्या फ्रेममध्ये कमी दिसतो की जास्त? कमी दिसत असेल तर तो बाहेर येतोय. पहिलीतलं पोर सांगेल.

पुढच्या शनिवारी मी पुण्याहून गावी गेलो. मामांनी फोन माझ्या हातात दिला. ‘तू तर कॉम्प्युटरचा इंजिनिअर. दाखव मागचं.’

मला दाखवता आलं नाही.

हा लेख त्याबद्दल आहे. आणि ज्यांच्यामुळे दाखवता आलं नाही त्यांच्यात मीही आहे, तेही पुढे सांगतो.

नुसता व्हिडिओ चालवून बघितला तर काय दिसत होतं ते आधी सांगतो, कारण ‘प्ले करून बघायचं ना’ असं तुम्ही म्हणणारच. पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेतलेला एक मुलगा कॅमेऱ्यासमोरून जातो. तो सरकतो, मामा दिसतात, लिफाफा चमकतो, आणि लगेच दुसऱ्या कुणाची तरी पाठ आडवी येते. पाठ हलते तेव्हा मामांचा हात टेबलावर असतो. सगळं मिळून सेकंदाच्या एका तुकड्यात. ज्याला चोरी बघायची त्याला चोरी दिसते, ज्याला आहेर बघायचा त्याला आहेर दिसतो. मी दहा वेळा चालवला. दहाव्या वेळी मलाच खात्री राहिली नाही, आणि हे मी मामांसमोर बसून बघत होतो.

मग फोनवरच्या एडिटिंग ॲपमध्ये क्लिप टाकली. तुम्ही रील कापता तेच हे, खाली चित्रांची पट्टी आणि मध्ये उभी रेघ. पट्टी अंगठ्याने सरकवायची. मी केसभर सरकवली तर चित्र हललं नाही. आणखी सरकवली तर ट्रेवाल्या पोरापासून थेट लाल गोलातल्या त्या क्षणावर उडी. मागे आणलं, परत ट्रे. मधलं काहीच नाही. वर वेळ दाखवत होता ‘०:१२’. बारावं सेकंद. एका सेकंदात फोन साधारण तीस चित्रं घेतो आणि ॲप मला त्या तिसांना मिळून एकच आकडा देत होतं. म्हणजे गावातल्या तीस घरांना मिळून एकच घर नंबर.

मामा म्हणाले, ‘नाही सापडत का?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

*

हे असं का होतं ते समजून घ्या, फार अवघड नाही. व्हिडिओ म्हणजे एकामागे एक ठेवलेले फोटो, असं आपण धरून चालतो. फाइलमध्ये ते तसे नसतात, नाहीतर दोन मिनिटांच्या व्हिडिओने फोन भरून गेला असता. पूर्ण चित्र अधूनमधून एकदा साठवतात. त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं एवढं लिहिलेलं असतं. किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. महिन्याच्या एक तारखेला मागची बाकी, मग नुसतं रोजचं देणं-घेणं. सतरा तारखेला बाकी किती होती ते वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. पण ते निघत नाही असंही नाही. एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत सतरापर्यंत आलात की निघतं.

फोनलाही तेच करावं लागतं. मागच्या कीफ्रेमपासून हिशेब करत तुमच्या फ्रेमपर्यंत यायचं. याला थोडा वेळ आणि थोडी बॅटरी लागते. ॲप बनवणाऱ्याने आळस करायचा ठरवला तर तो सतरा तारखेची बाकी विचारणाऱ्याला एक तारखेची सांगून मोकळा होतो. आणि ही एक तारखेची आहे, हे सांगत नाही.

या आळसाची सोय करून ठेवलेली आहे. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओतून चित्र काढून देणारं एक तयार साधन आहे, मीडियामेटाडेटारिट्रीव्हर नावाचं. त्याला नुसती वेळ सांगितली तर ते त्या वेळेचं चित्र देत नाही, जवळची कीफ्रेम देतं. नेमकं चित्र हवं असेल तर तसा पर्याय वेगळा लिहून द्यावा लागतो. फ्रेमचा क्रमांक सांगून चित्र मागायची सोय त्यात आली ती २०१८ सालच्या अँड्रॉइड ९ पासून. आयफोनमध्ये हेच काम करणाऱ्या साधनाला मुळात हवी तेवढी मागे-पुढे चूक करायची मुभा असते, नेमकेपणा हवा तर ती मुभा आपण काढून घ्यायची. दोन्हीकडे नेमकं उत्तर मिळू शकतं. फक्त मागावं लागतं.

मी ते मागितलं नव्हतं. पुण्यातल्या एका कंपनीत, फोनवरच्या व्हिडिओ एडिटरवर काम करताना, पट्टीवरून चित्र दाखवण्याचा कोड मी लिहिला आणि ‘जवळची कीफ्रेम’ हाच पर्याय ठेवला. पट्टी छान गुळगुळीत सरकायची. स्वस्त फोनवरही अडकायची नाही. माझं कौतुक झालं.

आधीच्या आवृत्तीत कोपऱ्यात फ्रेमचा आकडा यायचा आणि शेजारी दोन बारीक बाण होते, एक फ्रेम मागे, एक फ्रेम पुढे. ते काढायचं ठरलं त्या बैठकीत मी होतो. कारण सांगितलं गेलं ते असं की आपला युजर टिअर-थ्री शहरातला आहे, त्याला फ्रेम म्हणजे काय ते कळत नाही, आकडे बघून तो घाबरतो. त्या खोलीत टिअर-थ्री शहरातून आलेला मी एकटा होतो. खरं तर मेहकरला टिअर-थ्री म्हणणंही जरा कौतुकाचंच झालं. मी मान डोलावली. बाण काढण्याचं तिकीट माझ्याच नावावर पडलं आणि मी ते त्याच संध्याकाळी बंद केलं.

*

‘त्यांना फ्रेम कळत नाही’ हे वाक्य किती खोटं आहे ते बघायला चिखलीला जा. मेहकरला जा, देऊळगाव राजाला जा, खामगावला जा. कुठल्याही शूटिंगवाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत शिरा. लग्नाच्या एडिटिंगला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. मिक्सिंग करणारे हे लोक दहावी-बारावी शिकलेले असतात, इंग्रजी मेनू चित्रासारखे पाठ केलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं एडियस वापरतात. एडियसमध्ये उजव्या-डाव्या बाणाने एकेक फ्रेम पुढे-मागे जाता येतं. वर टाइमकोड असतो, चार जोड्यांचा: तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणून शेवटची जोडी ०० ते २४.

अक्षता पडतात तो कट कुठे मारायचा, अंतरपाट खाली आला ती नेमकी फ्रेम कोणती, हार घालताना नवरीचे डोळे मिटलेले आहेत ती टाळून तिच्यापुढची तिसरी घ्यायची, हे लोक असं बोलतात. रोज. घाबरत नाहीत. फ्रेम न कळणारा माणूस मला पुण्यातल्या बैठकीत भेटला.

आणि ही समज काही काल-परवाची नाही. फाळक्यांनी १९१२ साली सिनेमा काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, ठरावीक अंतराने फ्रेम घेत, महिनाभर धीर धरून. भांडवल देणाऱ्याला तेच दाखवलं. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. साधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम्स, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा. फ्रेम मोजणं हे हाताच्या सवयीत होतं. पुढे ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेवर दर फुटाला आकडा छापलेला येऊ लागला. एका फुटात सोळा फ्रेम्स. जवळच्या आकड्यापासून बोटाने मोजलं की कुठल्याही फ्रेमचा पत्ता तयार. व्हिडिओ टेप आली तेव्हा टेपवर डोळ्यांना काहीच दिसेना, म्हणून टाइमकोड काढला. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी सेकंदाच्या तीस फ्रेम्सच्या २९.९७ कराव्या लागल्या आणि घड्याळाशी मेळ बसेना, तासाला १०८ फ्रेम्सचा फरक पडायला लागला. तर त्यांनी काय केलं? दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत, असा नियम केला. फ्रेम एकही गाळली नाही, नुसते क्रमांक गाळले. तिथीच्या क्षयासारखं आहे हे, पंचांगवाल्यांना लगेच समजेल. विचित्र आहे, एडिटर लोक अजून शिव्या घालतात. पण फ्रेमला पत्ता असलाच पाहिजे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

शंभर वर्षं प्रत्येक यंत्राने फ्रेमचा पत्ता सांभाळला. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आणि नेमका तेव्हाच तो पत्ता पुसला गेला.

*

पत्ता असल्याने काय होतं? अमेरिकेचंच उदाहरण घेतो, कारण त्याहून मोठं भांडण एखाद्या व्हिडिओवरून झालं नसेल. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अब्राहम झप्रूडर नावाच्या कपड्यांच्या व्यावसायिकाने आपल्या घरगुती ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ते टिपलं. साधारण २६ सेकंद, ४८६ फ्रेम्स. तपास करणाऱ्यांनी सगळ्या फ्रेम्सना क्रमांक दिले. डोक्याला गोळी लागते ती ३१३. साठ वर्षं झाली, गोळी कुणी झाडली, किती जणांनी झाडली यावर पुस्तकांवर पुस्तकं आली. कुणाचं कुणाशी पटत नाही. पण ३१३ म्हटलं की सगळे एकाच चित्राकडे बघतात.

आणखी गंमत पुढे आहे. सरकारी चौकशी आयोगाने फ्रेम्स पुस्तकात छापल्या तेव्हा ३१४ आणि ३१५ यांची अदलाबदल झाली. त्यामुळे डोकं उलट्या दिशेला हलल्यासारखं दिसत होतं. लोकांनी ते पकडलं आणि छपाईत चूक झाल्याचं एफबीआयच्या प्रमुखाला कबूल करावं लागलं. दोन फ्रेम्सची अदलाबदल! क्रमांक नसते तर कुणाला कळलं असतं? माझ्या मामांच्या प्रकरणात तर अदलाबदलीचीही गरज पडली नाही. एक फ्रेम उचलली, तिच्या शेजारच्या फ्रेम्सपासून तोडली आणि सोडून दिली.

एवढं लांब जायचं नसेल तर क्रिकेट बघा. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये डर्बनच्या कसोटीत टीव्ही बघून बाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. तेव्हापासून आपण सगळे घरी बसून अंपायरिंग करतो. थर्ड अंपायर काय म्हणतो ते तुम्हाला पाठ आहे: एक फ्रेम मागे, अजून एक, थांब, आता पुढे. बेल्स उडाल्या ती फ्रेम आणि बॅट कुठे होती ती फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर दोन फ्रेम्समध्ये ४० मिलिसेकंद जातात. सेकंदाला सात मीटरने धावणारा माणूस तेवढ्यात २८ सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत-दीड वीत पुढे जातो. म्हणून थर्ड अंपायर ‘साधारण बाराव्या सेकंदाला आउट आहे’ असं म्हणत नाही. म्हटला तर स्टेडियम जाळतील.

एका धावेसाठी आपण फ्रेम मागे-पुढे करायला लावतो. माणसाच्या अब्रूसाठी मात्र लाल गोल पुरतो.

*

या क्षेत्रातले माझे मित्र यावर काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण मीच ते म्हणत होतो.

पहिलं, स्क्रीन लहान आहे, अंगठा मोठा आहे, तेवढा नेमकेपणा बोटाला जमत नाही. खरं आहे. म्हणून तर बाण हवेत. अंगठ्याला फ्रेम पकडायला सांगूच नका. दोन बटणं द्या आणि एक चौकोन द्या, ज्यात आकडा टाकला की थेट त्या फ्रेमवर जाता येईल. मोठ्या कॉम्प्युटरवर प्रीमियरमध्ये टाइमकोडवर क्लिक करून आकडा टाकता येतो, ब्लेंडरमध्ये सरळ फ्रेमचा क्रमांक टाकता येतो आणि ब्लेंडर तर फुकट आहे. यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून बघताना व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबून पाहा, एकेक फ्रेम मागे-पुढे जाते. लॅपटॉप असणाऱ्याला सगळं मिळतं. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याला अंगठा.

दुसरं, वेग. स्वस्त फोन अडकतील. यात मी जास्त खोलात जाणार नाही, फक्त एवढं सांगतो की बोट सरकत असताना जवळची कीफ्रेम दाखवा, माझी काही तक्रार नाही. बोट उचललं की मागून हिशेब करून नेमकी फ्रेम आणा. सेकंदभर लागेल. हे करता येतं, मी नंतर स्वतः करून पाहिलं आहे, आठ हजारांच्या फोनवर. दोन दिवसांचं काम होतं.

तिसरं, जे सगळ्यात हुशार वाटतं: हे फीचर कुणी वापरतच नाही, आकडेवारी बघा. आमच्या ॲपमध्ये ते बाण तिसऱ्या मेनूच्या पोटात होते, त्यांना नाव नव्हतं आणि भाषा इंग्रजी. दार भिंतीमागे लपवायचं आणि मग मोजायचं की या दारातून कोण येत-जात नाही. बरं, मानलं की शंभरात एकच जण वापरतो. गावातल्या शंभरातला एकच माणूस दरवर्षी तलाठ्याकडे जातो म्हणून बाकीच्यांचे गट नंबर कुणी काढून टाकतं का? आमच्याकडे ‘लिंबाच्या झाडापासून पलीकडची जमीन’ असं सांगून कुणी व्यवहार करत नाही. जवळच्या झाडाने भागत असतं तर निम्म्या महाराष्ट्रात भावकीचे दावे नसते. गट नंबर रोज लागत नाही. धुरा कोरला जातो त्या दिवशी लागतो.

एक खरी अडचण आहे, ती मीच सांगतो, कारण वर कुणी काढली नाही. फोनचा कॅमेरा एकसारख्या गतीने फ्रेम्स घेत नाही. उजेड कमी झाला की गती कमी करतो. मंगल कार्यालयात, दारातून आत आल्याआल्या, तसंच होतं. त्यामुळे सेकंदावरून फ्रेम काढायला गेलात तर दोन ॲप दोन वेगळ्या फ्रेम्स दाखवतील. शिवाय व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप पुन्हा दाबली जाते, तिच्यातल्या फ्रेम्स मूळच्या राहत नाहीत. म्हणून वेळ नको, क्रमांक हवा, पहिल्या फ्रेमपासून मोजलेला. आणि क्रमांक मूळ फाइलचा हवा. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं, म्हणजे फाइल तीच आहे, बदललेली नाही, हे तपासता यावं म्हणून. कोर्टाने फाइलची ओळख तरी मागितली. पण आमच्या मामांचा खटला कोर्टात नव्हता. तो एकशे चौदा जणांच्या ग्रुपवर चालला आणि दोन तासांत निकाल लागला.

*

शेवटी मी मूळ फाइल मागितली. नवरदेवाच्या मित्राने चार दिवस टाळाटाळ केली, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवली. ती पेनड्राइव्हमध्ये घेऊन मी आणि मामा चिखलीला गेलो, माझ्या शाळेतल्या एका मित्राचं तिथे शूटिंगचं दुकान आहे. सीझन होता, त्याच्याकडे सात लग्नांचं मिक्सिंग पडलेलं. तरी त्याने खुर्ची ओढली.

फाइल बघूनच म्हणाला, ‘मोबाइलची हाये. अशीच टाकली तर फ्रेम खाते.’ त्याने आधी ती सेकंदाला पन्नास फ्रेम्सच्या एकसारख्या गतीवर आणली. पंचवीसवर आणली असती तर काही फ्रेम्स गळाल्या असत्या. पन्नासवर काही दुप्पट होतात, पण गळत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, तेही सांगून टाकतो.

मग त्याने डावा बाण दाबायला सुरुवात केली. लाल गोलातली फ्रेम आली. एक मागे. लिफाफा थोडा कमी. अजून एक मागे, तशीच, दुप्पट झालेली. अजून एक. नुसता कोपरा. अजून दोन. हात खिशात, लिफाफा नाही. आणि त्याच्याही मागे, ट्रे आणि त्या पोराच्या खांद्याच्या फटीतून, मामांचा हात खिशाकडे जाताना. रिकामा. पाचही बोटं सुटी.

मित्राने दुप्पट झालेल्या सोडून मोजल्या. रिकाम्या हातापासून लाल गोलापर्यंत अकरा फ्रेम्स. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त.

मामा काही बोलले नाहीत. बाण दाबायला त्यांनी स्वतः हात पुढे केला. मित्राने कीबोर्ड सरकवला. मामांनी एक बोट बाणावर ठेवून हळूहळू मागे नेलं, पुढे आणलं, परत मागे. हात रिकामा जात होता, लिफाफा घेऊन येत होता. मी मोजलं नाही, पण पाच-सात मिनिटं ते तेच करत होते. बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी थांबलेलं होतं.

त्या अकरा फ्रेम्स मी ग्रुपवर टाकल्या, प्रत्येकीखाली क्रमांक लिहून. चौघांनी अंगठा दाखवला. ज्याने लाल गोल काढला होता त्याने काहीच लिहिलं नाही, आणि दहा मिनिटांनी कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं. तो एकवीसशेचा लिफाफा आजपर्यंत सापडलेला नाही. अजून दोन घरं मामांना कार्याला बोलवत नाहीत.

त्या कंपनीत मी आता नाही. जुन्या सहकाऱ्याला फोन करून बाण परत आणा म्हटलं, तर तो म्हणाला, ‘युज केस लिहून पाठव.’ मी हेच सगळं लिहून पाठवलं, याहून थोडं कमी रागाने. उत्तर आलं की सध्या प्राधान्यक्रमात बसत नाही.

चिखलीहून निघताना मामांनी तीन फ्रेम्सचे प्रिंट काढायला लावले. रिकामा हात, कोपरा, अर्धा लिफाफा. मित्राने पैसे घेतले नाहीत. गावी पोचल्यावर मामांनी ते प्रिंट सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातले, मग परत बाहेर काढून उजेडात धरले.

‘खाली नंबर दिसतो ना रे बरोबर?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘दिसतो, मामा.’